वारसा कोणता घ्यावा?

श्रीतुकोबारायांच्या घराण्यात मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी होती, आणि सावकारीही होती. 1630 च्या सुमारास महादुष्काळ पडला. महाराजांची प्रथम पत्नी अन्न अन्न करीत गेली. शोकाने माणूस एक तर कठोर होतो, नाही तर कनवाळू. महाराज कनवाळू झाले. कर्जखते इंद्रायणीत बुडवावयाचे त्यांनी ठरविले. पण बंधू कान्होबांचा अर्धा वाटा आधी त्यांच्या हाती दिला, आणि आपला तेवढाच बुडविला, असे चरित्रकार सांगतात. येथे आपण नीट ध्यान द्यावे. दुसऱ्याच्या वाट्यातून केलेले ते दान नव्हे.

सावकारी सुटली, वारी सुटली नाही. पुत्र नारायणमहाराजांनी 1685 साली पादुका पालखीत ठेवून तोच वारसा वाढविला.

पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी तुकोबांची, भवानी पेठेत माउलींची पालखी उतरते. आपण पुणेकर वारकऱ्यांस प्रेमाने जेवू घालतो. मग एखाद्या नडलेल्याचे देणे सोडताना हात का अडतो बरे? मुलांना घरदार ठेवूच; सोबत एक फाडलेली कर्जचिठ्ठीही ठेवू या.

रामकृष्णहरि!