पावसाची गोधडी आणि पेरणीचा फासा : शाळकरी मुलांसाठी हवामान बदलाचे पाठ

‘हवामान बदल’ या विषयावर शाळेत चित्रकला स्पर्धा घेतली की बहुतेक कागदांवर तेच चित्र उमटते : अर्धी हिरवी, अर्धी भेगाळलेली पृथ्वी आणि कोपऱ्यात वितळत्या हिमनगावर उभे असलेले पांढरे अस्वल. कोरडवाहू गावातील मुलाने अस्वल पाहिलेले नसते. दुबार पेरणी मात्र त्याने घरात अनुभवलेली असते. म्हणून कला आणि खेळ यांचा कच्चा माल गावातूनच घ्यावा. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी विस्तार कार्यकर्त्यांना शिक्षकांच्या मदतीने सहज घेता येतील, असे दोन उपक्रम येथे दिले आहेत.

पहिला उपक्रम गोधडीचा. इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी 2018 मध्ये तापमानाच्या नोंदी रंगीत पट्ट्यांत मांडल्या. एका वर्षाला एक पट्टी, थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष लाल. पट्ट्यांवर एकही आकडा नाही. हीच कल्पना आपल्याकडे जुन्या कापडाच्या ठिगळांतून साकारता येते. तालुक्याच्या जून ते सप्टेंबरमधील पावसाच्या निदान 30 वर्षांच्या नोंदी मिळवाव्यात, कारण हवामानाची सरासरी काढताना 30 वर्षांचा कालखंड प्रमाण मानला जातो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार सरासरीपेक्षा 19 टक्क्यांपर्यंत कमी किंवा अधिक पाऊस ‘सामान्य’ गणला जातो. त्या वर्षासाठी हिरवे ठिगळ, 20 टक्के वा त्याहून अधिक तूट असल्यास तपकिरी आणि तितकीच वाढ असल्यास निळे. टक्केवारीचे गणित मुलांनीच करावे. ठिगळ जोडताना घरातील वडीलधाऱ्यांना त्या वर्षाची आठवण विचारून ती शब्दात टिपावी.

गोधडी पूर्ण झाल्यावर रंगांत ठळक कल दिसेलच असे नाही. एकूण पाऊस दरवर्षी चढउतार दाखवतोच. कल दिसावा म्हणून रंगांच्या मर्यादा बदलू नयेत. त्याऐवजी दैनंदिन नोंदी उपलब्ध असल्यास खाली दुसरी ओळ शिवावी. त्या ओळीत वर्षातील 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाचे, म्हणजे जोरदार पावसाचे दिवस मण्यांनी दाखवावेत. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले आहे. बेरीज तीच राहूनही पाऊस पडण्याची रीत बदलू शकते, हे मुलांना पटवणे अवघड असते. ते काम दुसरा उपक्रम करतो.

पेरणीच्या खेळासाठी पुठ्ठ्याचे दोन फासे आणि चिंचोके पुरेसे आहेत. पहिल्या फाशाच्या सहा बाजूंवर मिलिमीटरमध्ये 0, 0, 25, 25, 50, 75 लिहावे. दुसऱ्यावर 0, 0, 0, 25, 75, 75. प्रत्येक गटाला दहा चिंचोके द्यावेत. एक फेक म्हणजे एक आठवडा, आठ फेका म्हणजे एक हंगाम. पाऊस साऱ्या वर्गाला एकच. निर्णय मात्र ज्या त्या गटाचा. पेरणीला चार चिंचोके लागतात. पेरणीनंतर लागोपाठ दोन आठवडे कोरडे गेले तर पीक जाते आणि पुन्हा पेरायचे तर पुन्हा चार द्यावे लागतात. चौथ्या आठवड्यापर्यंत पेरलेले पीक हंगामाअखेर टिकले तर दहा, त्यानंतरचे टिकले तर सहा चिंचोके मिळतात. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत खरिपाची पेरणी करू नये, ही नेहमीची शिफारस खेळापूर्वी सांगावी. पाळायची की नाही, हे गटांवर सोडावे.

पहिल्या फाशाने तीन हंगाम खेळून झाले की दुसरा फासा काढावा. दोन्ही फाशांवरील आकड्यांची बेरीज 175 आहे, म्हणजे सरासरी पाऊस अगदी सारखा. मात्र कोणतेही सलग दोन आठवडे कोरडे जाण्याची शक्यता पहिल्या फाशात नवात एक, तर दुसऱ्यात चारात एक आहे. ही बेरीज आधी सांगू नये. चिंचोके संपू लागले की मुले फाशावर संशय घेतात. मग त्यांनीच बाजू मोजाव्यात.

पुढच्या फेरीत अंदाजाची सोय द्यावी. शिक्षकाने पुढच्या आठवड्याचा फासा करवंटीखाली आधीच टाकून ठेवावा. एक चिंचोका देणाऱ्या गटाला तो पाहता येईल. खरा अंदाज इतका अचूक नसतो, हे सांगून दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होणारे कृषी हवामान सल्ला पत्रक वर्गात वाचावे. मुलांकरवी ते घरी पोचवणे सहज जमते.

एका बाबतीत जपावे लागते. वर्गातील काही घरांत पीक बुडाल्याची जखम ताजी असते. हरलेल्या गटाला ‘चुकलात’ म्हटले की ते मूल तो शब्द आपल्या वडिलांना लावते. शिफारस पाळूनही चिंचोके गमावणारा गट एखाद्या हंगामात निघतोच. तेथे खेळ थांबवून निर्णय आणि निष्पत्ती यांतील फरकावर बोलावे. मग कमी कालावधीचे वाण, आंतरपीक, शेततळे यांपैकी काय असते तर नुकसान घटले असते, असे विचारावे आणि मुलांना त्याचे नवे नियम करू द्यावेत. शेततळ्यासाठी तीन चिंचोके, आणि त्याबदल्यात एक कोरडा आठवडा माफ, असा नियम चांगला चालतो.

उन्हात ठेवलेल्या काचेच्या बरणीचा प्रयोग हरितगृह परिणाम म्हणून अनेक ठिकाणी दाखवला जातो. बरणीतील उष्णता मुख्यतः कोंडलेली हवा बाहेर जाऊ न शकल्याने वाढते. वातावरणात कार्बन डायऑक्साइडसारखे वायू जमिनीतून निघणारी उष्णता शोषतात. दोन्हींची यंत्रणा वेगळी असल्याने तो प्रयोग गाळलेला बरा.

खेळ एका दिवसात, दोन तासिकांत आटोपतो. गोधडीला पंधरवडा लागतो. नोंदी मिळवण्याचे काम उन्हाळी सुटीपूर्वीच उरकावे. हंगामाची बेरीज हाती आल्यावर ऑक्टोबरमध्ये त्या वर्षाचे नवे ठिगळ जोडावे आणि गोधडी पुढच्या इयत्तेकडे सोपवावी.