कारखानदारणी विधवाच का?

प्रश्न : औद्योगिक क्रांतीच्या सुरुवातीच्या काळातल्या ज्या मोजक्या कारखानदार बायकांविषयी वाचायला मिळतं, त्या बहुतेक विधवाच कशा? सधवांना धंद्यातलं कळत नव्हतं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कळत होतं, पण त्यांच्या सहीला किंमत नव्हती. इंग्लंडच्या कायद्यात, आणि तोच उचललेल्या अमेरिकेतही, लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जायची. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, की कोर्टात दावा लावता येत नसे. विधवा आणि अविवाहित बाईला हे सगळं करता येई. सधवेने कारखान्याच्या वह्या लिहिल्या, गिऱ्हाइकं सांभाळली, तरी कागदोपत्री मालक नवराच.

पेनसिल्व्हेनियातल्या रिबेका ल्यूकन्सचंच पाहा. वडिलांनी उभारलेला लोखंडी पत्रे लाटण्याचा कारखाना तिचा डॉक्टर नवरा चालवत होता. 1825 मध्ये तो वारला. रिबेका तेव्हा 31 वर्षांची, गरोदर. कारखाना कर्जात बुडालेला, आणि ‘कॉडोरस’ या अमेरिकेत बांधलेल्या पहिल्या लोखंडी बोटीच्या पत्र्यांची ऑर्डर अंगावर. हे बाईचं काम नव्हे, असं खुद्द तिच्या आईचं मत. रिबेकाने कामगारांवरची देखरेख दिराकडे दिली. खरेदी, भाव आणि करार मात्र स्वतःच्या हातात ठेवले. (धंद्याची नाडी नेमकी कुठे असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.) 1837 च्या मंदीत मागणी आटली, तेव्हा तिने माणसं काढली नाहीत. त्यांना कारखान्याच्या डागडुजीला आणि शेतीच्या कामाला लावलं, आणि रोकड नव्हती तेव्हा मजुरीपोटी शेतातला माल दिला. कारखाना तगला. तिच्या मृत्यूनंतर त्याला ल्यूकन्सचंच नाव मिळालं.

मात्र सगळ्याच विधवा नव्हत्या. लंडनच्या एलिनॉर कोडने लग्नच केलं नाही. 1769 मध्ये तिने लॅम्बेथमधला कृत्रिम दगडाचा कारखाना घेतला. आधीचा मालक डॅनियल पिंकॉट तिच्याकडेच कामाला राहिला, पण मालकाच्या थाटात वावरू लागला. दोन वर्षांत तिने त्याला घरचा रस्ता दाखवला! तिचा ‘दगड’ म्हणजे खरं तर भट्टीत चार दिवस भाजलेली माती, आणि तो पावसाला-थंडीला दाद देत नसे.

लंडनला गेलात तर वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाचा पांढरा सिंह जरूर पाहा. तो तिच्या मृत्यूनंतर, 1837 मध्ये घडवलेला, पण याच दगडाचा आहे.