प्रमाणपत्र ४० टक्क्यांखालचे, मग लेखनिक मिळेल का?

प्रश्न : लिहिताना बोटे आखडणाऱ्या, परंतु ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसलेल्या विद्यार्थ्याला प्राध्यापकांनी कोणते साहाय्य करावे?

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘वाजवी सोय’ ही संकल्पना, म्हणजे अवाजवी भार न पडता परिस्थितीत केलेला आवश्यक व उचित बदल, ४० टक्क्यांच्या अटीने बांधलेली नाही, ही अट प्रामुख्याने आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लेखनिकाबाबत हेच स्पष्ट केले, आणि केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनीही लेखनातील अडचण वैद्यकीय दाखल्याने सिद्ध झाल्यास लेखनिक व तासामागे किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ देऊ केला. त्यामुळे टक्केवारी पाहून अर्ज परत करणे चुकीचे ठरते. लेखनिकाची मंजुरी परीक्षा विभाग देत असला, तरी अर्ज वेळेत पुढे जाणे बहुधा प्राध्यापकांवरच अवलंबून असते. वर्गचाचणीला तोच वाढीव वेळ द्यावा, टिपणे आधी पुरवावीत, उत्तर टंकलिखित स्वीकारावे. गुणदानाचे निकष मात्र सैल करू नयेत, कारण सोय म्हणजे सवलतीचे गुण नव्हेत. आजाराची चौकशी भरवर्गात करणे तर, सद्हेतूने असले तरी, सर्वथा टाळावे.