काकतालीय योग आणि मनोगूढ संशोधन

कावळा ताडावर बसावयास आणि फळ गळून पडावयास एकच गाठ पडली, तर फळ कावळ्याने पाडले असे म्हणावे काय? आपल्या शास्त्रकारांनी अशा प्रसंगाला 'काकतालीय न्याय' असे नावच देऊन ठेविले आहे. परंतु दूरदेशी असलेला भाऊ पहाटे डोळ्यांपुढे उभा राहावा आणि दुपारी त्याच्या निधनाची वार्ता यावी, असे घडले तर त्या घराला हा शब्द पुरेसा वाटत नाही. न वाटणे स्वाभाविकच आहे.

अशा अनुभवांची मोजदाद इंग्लंडात झाली. लंडन येथे १८८२ मध्ये स्थापन झालेल्या मनोगूढ संशोधन मंडळाच्या वतीने १७,००० व्यक्तींना भासांविषयी विचारण्यात आले. अहवाल १८९४ चा. अमुक व्यक्ती अमुक दिवशीच मरण पावण्याचा संभव त्या काळच्या मृत्युमानाप्रमाणे १९,००० त एक. ओळखीच्या व्यक्तीची आकृती दिसल्याच्या घटनांपैकी मात्र ४३ त एक घटना तिच्या मृत्यूशी बारा तासांच्या आत जुळली, असा समितीचा हिशेब होता. आकडा विलक्षण खरा. पण पुष्कळसे अनुभव वर्षांनुवर्षांनी आठवणीतून सांगितलेले होते. मुलगा सैन्यात असलेल्या मातेला वाईट स्वप्ने कितीतरी पडतात. खोटी ठरलेली ती विसरते, आणि विसरते हे बरेच! म्हणून वार्ता येण्यापूर्वीच दिवस व वेळ लिहून ठेवलेला, दुसऱ्या कोणास सांगितलेला अनुभवच संशोधनाच्या उपयोगी पडतो.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९५२ मध्ये वेगळाच विचार मांडला. एक रुग्ण स्त्री स्वप्नातील सोनेरी भुंगेऱ्याविषयी सांगत असता खिडकीवर टकटक झाली. युंगांनी खिडकी उघडून तसाच एक भुंगेरा पकडला. अशा दोन घटनांना कार्यकारणाने नव्हे, अर्थाने जोडलेले मानावे, असे त्यांचे म्हणणे. गीतेच्या अठराव्या अध्यायातील दैवाशी याची गल्लत करू नये. तेथे दैव हे कर्माच्या पाच कारणांपैकी पाचवे, म्हणजे कारणच आहे.

युंगांनी विवाहित जोडप्यांच्या पत्रिकाही तपासल्या. पहिल्या १८० जोडप्यांत चंद्र-सूर्याची युती अपेक्षेहून बरीच अधिक आढळली. संख्या ४८३ झाली, तेव्हा ते आधिक्य ओसरून निव्वळ यदृच्छेइतके उरले. हे त्यांनी लपविले नाही. मात्र पहिलाच गट इतका अनुकूल निघावा, हादेखील एक अर्थपूर्ण योगायोगच होय, असे म्हणावयास ते चुकले नाहीत.