टॉमी, पांडी आणि आपला कंपू

आपण रोज ज्या कंपूतून ये-जा करतो, त्याच्या नावाचा अर्थ कोणी विचारला तर काय सांगाल? मराठीत आज ‘कंपू’ म्हणजे चारचौघांचे टोळके. परंतु महादजी शिंद्यांच्या काळी कंपू म्हणजे कवायती पलटणींचा समूह होता. सव्हॉयचा डी बॉईन 1784 साली महादजींच्या चाकरीत आला व त्याने हे कंपू उभारले. मूळ शब्द इंग्रजी ‘कँप’, की पोर्तुगीज ‘कांपु’? माझी मातृभाषा कोंकणी असल्यामुळे माझा कल दुसऱ्याकडे आहे, हे आधीच कबूल करतो! ‘लष्कर’ हे आपल्या शहराचे नावही दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरूनच पडले. तोच फारसी शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि ‘लास्कर’ होऊन बसला. तेथे त्याचा अर्थ जहाजावरचा हिंदी खलाशी.

जागेला नाव मिळाले, पण त्या छावणीत राबणाऱ्या माणसाला काय म्हणत?

इंग्रजांनी आपल्या साध्या सैनिकास ‘टॉमी’ म्हटले. आपल्याकडे टॉमी म्हटले की कुत्रे डोळ्यांसमोर येते. परंतु हे नाव सरकारी कचेरीतले आहे. 1815 साली सैनिकांच्या हिशेबपुस्तकाचा नमुना काढला गेला, त्यात सैनिकाचे नाव ‘टॉमस अॅटकिन्स’ असे घातले होते. त्या कल्पित अॅटकिन्सला सहीसुद्धा येत नव्हती. त्याने फुली मारलेली आहे. पुढे लक्षावधी खरी माणसे त्या एका खोट्या नावाखाली लढली. तरीही त्या नावात घरगुती जिव्हाळा होता, हे मान्य केले पाहिजे.

हिंदी सैनिकाच्या वाट्याला आलेले नाव मात्र असे नव्हते. 29 मार्च 1857 रोजी बराकपूर येथे 34 व्या पलटणीच्या मंगल पांडे याने शस्त्र उचलले. 8 एप्रिल रोजी त्याला फाशी झाली. तेव्हापासून गोऱ्या सैनिकांच्या बोलीत उठाव करणारा प्रत्येक शिपाई ‘पांडी’ झाला, मग त्याचे आडनाव काही का असेना. 14 जून रोजी आपल्या मुरार छावणीतील ग्वाल्हेर कंटिंजंट उठली. तिचा खर्च शिंद्यांच्या माथी आणि हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी तिची रचना होती. याच फौजेने पुढे तात्या टोप्यांच्या हाताखाली कानपुरावर चाल केली. त्यांतील कित्येकांची स्वतःची नावे आज कोणास ठाऊक आहेत? शत्रूने शिवी म्हणून दिलेले ‘पांडी’ तेवढे इंग्रजी कोशांत उरले.

‘शिपाई’ या शब्दाची कथा आणखी निराळी. फारसीतील ‘सिपाही’ इंग्रजीत ‘सिपॉय’ झाला. पोर्तुगिजांनी तो ‘सिपाय’ म्हणून उचलला आणि थेट आफ्रिकेतील आपल्या वसाहतींत नेला. आपण मात्र रणांगणावरील शिपायाला कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसविले. कंपूत बंदूक पेलणाऱ्याचे आणि आपल्या शाळेची घंटा वाजविणाऱ्याचे नाव एकच आहे. गेल्या वर्षी वर्गातील एका मुलाने त्यांना “ए शिपाया” अशी हाक मारली, तेव्हा मी त्यास फळ्यावर या शब्दाची व्युत्पत्ती लिहावयास लावली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा त्यांना ‘काका’ म्हणू लागला.