शाळेंतून महाविद्यालयांत

जून महिना उजाडला कीं शाळेच्या आवारांत दोन प्रकारचे चेहरे दिसूं लागतात : प्रथमच शाळेंत येणाऱ्या बालकांचे, आणि दाखला घेऊन निरोप घेणाऱ्या मुलांचे. पहिल्यांची रडारड सर्वांस ऐकूं येते. दुसऱ्यांचें बावरणें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. ह्या दुसऱ्यांसाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८८८ च्या आरंभीं मोहनदास गांधी हे भावनगरच्या सामळदास कॉलेजांत दाखल झाले. व्याख्यानें समजेनात, मन रमेना. पहिलें सत्र संपतांच ते घरीं परतले. आत्मचरित्रांत हा प्रसंग सांगतांना ते प्राध्यापकांस दोष देत नाहींत. आपणच कच्चे होतों, असें नमूद करितात. तोच तरुण १८९१ सालीं लंडनमध्यें बॅरिस्टर झाला. तात्पर्य, पहिल्या सत्रांत न समजणें हें मंदबुद्धीचें लक्षण नव्हे.

मग अडचण येते कोठून ? शाळेंत शिक्षक प्रत्येकास नांवानें ओळखतात. एक दिवस गैरहजर राहिल्यास दुसऱ्या दिवशीं चौकशी होते. महाविद्यालयांतील मोठ्या वर्गांत ही चौकशी बहुधा होत नाहीं. शिवाय भाषा पालटते. मराठी माध्यमाच्या मुलास 'त्वरण' उत्तम ठाऊक असतें; परंतु फळ्यावर 'अॅक्सिलरेशन' दिसतांच तो गोंधळतो. वस्तु तीच, नांव मात्र परकें !

आमच्याच एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतों. शाळेंत त्याचा क्रमांक नेहमीं वरचा. शहरांतून तो दर आठवड्यास "बरें चाललें आहे" एवढेंच कळवी. दिवाळीच्या सुटींत आईनें त्याच्या वह्या पाहिल्या, तों ऑगस्टपासून पुढचीं पानें कोरीं ! वडील रागावले नाहींत; ते त्याला घेऊन आमच्याकडे आले. पदार्थविज्ञानांतील एक प्रकरण आम्हीं त्यास मराठींत समजावून सांगावयास लाविलें. त्यानें तें बिनचूक सांगितलें. तेव्हां आमची चूक आमच्या ध्यानांत आली. आम्हीं त्याला गुण मिळवावयास शिकविलें होतें. "मला समजलें नाहीं" असें उभें राहून म्हणावयास शिकविलें नव्हतें.

उपाय साधा होता. एका वहींत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. रोज दहा शब्द. उद्यांचा धडा आज रात्रीं एकदां नजरेखालून घालावयाचा. प्रत्येक आठवड्यास निदान एक शंका प्राध्यापकांस विचारावयाची. आणि शेजारच्या बांकावरील एका तरी मुलाशीं बोलावयाचें, कारण बावरलेला आपण एकटाच आहों हा भ्रम त्यावांचून जात नाहीं. वार्षिक परीक्षेंत तो उत्तीर्ण झाला. पहिला आला नाहीं. पण शिक्षण सोडून घरींहि बसला नाहीं.

आतां पालकांस विनंति. मुलाचा फोन आला असतां प्रथम गुणांविषयीं विचारूं नका. "आज कोणाबरोबर जेवलास ? कोणता तास आवडला ?" असें विचारा, म्हणजे खरें उत्तर मिळेल. खर्चास पैसे द्याल ते महिन्याचे ठरवून द्या व हिशेब त्यासच लिहूं द्या. आणि अपयश कळविल्यास घराचें दार उघडें आहे, ही खातरी त्यास निघण्यापूर्वींच द्या. ज्या मुलास घरीं बोलण्याचें भय नसतें, त्याच्या वह्या सहसा कोऱ्या राहत नाहींत.

रॅगिंग मात्र निमूटपणें सोसूं नये. महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें तो गुन्हा ठरला आहे. प्राचार्यांस लेखी कळवावें. मन फारच खचल्यास २०२२ सालीं सुरू झालेल्या 'टेलि-मानस' ह्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ असूं द्यावा. मदत मागण्यांत कमीपणा नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, रोप वाफ्यांतून उपटून शेतांत लाविलें म्हणजे चार दिवस तें माना टाकतें. शेतकरी त्यास उपटून फेंकीत नाहीं. पाणी देतो आणि वाट पाहतो. तुम्हीहि स्वतःस तितका अवधि द्या. आणि दिवाळींत गांवीं आलांत म्हणजे शाळेकडे अवश्य फिरका. वह्या कोऱ्या असल्या, तर त्याहि घेऊन या.