देहातील धातू आणि गंज

लोणच्याच्या बरणीत लोखंडी चमचा ठेवू नये, हे घरोघरी ठाऊक असते. मग अपघातानंतर मांडीत बसविलेली सळई खारट रक्तात वर्षानुवर्षे कशी टिकते? हिंगोली-वाशिम रस्त्यावरील आमच्या कनेरगाव नाक्यावर ‘माझ्या पायात रॉड आहे’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. त्यावरूनच हा प्रश्न कला शाखेच्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला पडला.

शरीरातील द्रवाचे तापमान 37 अंश सेल्सियस असून त्यात सुमारे 0.9 टक्के मीठ, प्राणवायू व प्रथिने असतात. जखमेपाशी किंवा जंतुसंसर्ग झाल्यास तो काही काळ आम्लधर्मी होतो. अशा द्रवात साधे लोखंड टिकणार नाही. म्हणून वापरल्या जाणाऱ्या पोलादात 17 ते 19 टक्के क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर हीच धातूची ढाल होय. ती ओरखडली तरी प्राणवायू मिळताच पुन्हा तयार होते.

परंतु स्क्रूच्या डोक्याखालील फटीत प्राणवायू पोहोचत नाही. तेथे मिठातील क्लोराइड साचते, आम्लता वाढते आणि गंज धरतो. पावलागणिक प्लेट व स्क्रू घासले की ढाल पुन्हा पुन्हा खरवडली जाते. प्रथिने सुटलेल्या धातुकणांना बांधून दूर नेतात, त्यामुळेही झीज वाढू शकते. दोन भिन्न धातू जवळ आले तर त्यांची जणू विजेरीच बनते. व्हेनेबल व स्टक यांनी 1937 मध्ये हे प्रयोगांनी दाखविले. टायटॅनियमची ढाल याहून भक्कम असते.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा कोबाल्ट-क्रोमियमचा खुब्याचा सांधा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागविण्यात आला. धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियम रुग्णांच्या रक्तात उतरत होते. भारतात असे सुमारे 4,700 सांधे बसविले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाचा पाठपुरावा केला. परंतु अनेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही.

यातून आपण एवढे तरी शिकावे : शस्त्रक्रियेचा कागद व त्यावरील धातूच्या भागाचा क्रमांक सातबाराच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवावा. जुन्या जागी नव्याने सूज वा ठणका सुरू झाल्यास ‘थंडीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. धातू मुका असतो. त्याची तक्रार आपणच सांगावी लागते.